मंगळवारची सातची वेळ

ज्याचं कौतुक करायचं त्याला बोलू द्यायचं नाही, ही युक्ती रोझमुंड गावच्या रिंक कमिटीला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण या वेळी कमिटीचा काही दोष नव्हता. "माझ्यासमोर माईक आणलात तर मी तिथूनच घरी जाईन," असं नेटी हॅलुश्कानेच बजावलं होतं. त्यामुळे कार्यक्रम आटोपशीर ठरला. शनिवारी दुपारी मुलांच्या हॉकी मॅचआधी बर्फाच्या रिंकच्या मधोमध लाल सतरंजी टाकायची, नेटीने त्यावरून चालत जायचं, दोन्ही कॅप्टनांच्या काठ्यांमध्ये ती काळी रबरी चकती टाकायची, फोटो काढायचा, टाळ्या वाजवायच्या. भिंतीवर तिच्या नावाची पाटी आधीच ठोकून झाली होती आणि तिच्यावर टेबलक्लॉथ टांगला होता.

नेटीचं वय एकोणसत्तर. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. त्या बसमधूनच तिने सस्कॅचवान प्रांताच्या या कोपऱ्यात मुलींची हॉकी उभी केली. तिची निवडीची पद्धत कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. थांब्यावर बर्फाचा ढीग साचलेला असे. त्याला वळसा घालून येणारी मुलगी गपचूप बसमध्ये बसे. ढिगावर चढून पलीकडे उडी मारणाऱ्या मुलीला नेटी आरशातून म्हणे, "काय गं, स्केट आहेत घरी? भावाचे चालतील." एकसष्ट साली अशा अकरा जणी जमल्या. गोल राखायला उभी राहिली डोरीन फाव्हेल. घोड्याच्या खोगिराखालच्या जाड लोकरी नमद्याचे तुकडे तिने दोन्ही पायांना दोरीने बांधले होते. ते बघायला गाव लोटलं आणि पोट धरून हसलं. डोरीनने त्या दिवशी एकोणीस फटके अडवले, तेव्हा हसणं जरा कमी झालं.

पण रिंकमध्ये त्यांना वेळ मिळेना. सात हिवाळे पोरी गोठलेल्या तळ्यावर खेळल्या. अडुसष्ट साली रिंकचा बर्फ राखणारा म्हातारा पडला आणि त्याचं कंबरडं मोडलं. बर्फावर पाणी मारायला माणूस मिळेना, तेव्हा नेटी म्हणाली, मी मारते. अख्खा हिवाळा तिने पाण्याचा जड पाइप ओढला. तिची बोटं वाकडी झाली ती तेव्हाच. मार्चमध्ये कमिटीने विचारलं, काय देऊ? नेटी म्हणाली, आठवड्यातला एक तास द्या, माणसांच्या वेळेचा. मंगळवार, संध्याकाळी सात. तेव्हापासून एकोणतीस वर्षं तो तास मुलींचा होता, आणि त्याची कुठे लेखी नोंद नव्हती. अशा गोष्टी लिहून घ्यायच्या असतात हे रोझमुंडमध्ये कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्या शनिवारी नेटी तासभर आधी येऊन रिंकच्या कँटीनमध्ये बसली. डोरीन आता तिथे बटाटे तळत होती. एरवी तिच्या तोंडाला खंड नसे. आज ती गप्प होती, आणि ते नेटीला बरोबर वाटेना.

"काय झालं गं? तेल फार तापलंय की तू?"

डोरीनने एप्रनच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "कमिटीच्या खोलीत सापडला, सकाळी झाडताना. तुला आज दाखवू नये असं वाटत होतं. पण मग मला राहवेना."

पुढच्या मोसमाचं वेळापत्रक होतं ते. मंगळवार सातच्या चौकोनात मुलांच्या टीमचं नाव होतं. मुलींची टीम खाली सरकली होती, रविवारी, पहाटे साडेपाचला.

नेटीने कागद दोनदा वाचला. टीममध्ये मुली चौदा, त्यातल्या दहा शेतांवरच्या. पहाटे गाई-वासरं, मग चर्च, आणि वर चाळीस मैल रस्ता. साडेपाचला आल्या तर चारजणी येतील. चारजणींची टीम लीग धरत नाही. म्हणजे पुढच्या हिवाळ्यात रोझमुंडमध्ये मुलींची हॉकी नसेल, आणि भिंतीवर नेटीचं नाव मात्र असेल.

"सोमवारी हा लीगकडे जाणार," डोरीन म्हणाली. "एकदा गेला की वर्षभर हलत नाही."

नेटी उठली आणि काठी टेकत कमिटीच्या खोलीत गेली. अध्यक्ष डॅरिल पेन्नर टाय बांधत होता. गावात ट्रॅक्टर विकतो तोच. आठ वर्षं तो नेटीच्या बसमध्ये पहिल्या बाकावर बसत असे, कारण मागे बसला की त्याला उलटी व्हायची.

"या या, आजच्या उत्सवमूर्ती!"

नेटीने कागद टेबलावर ठेवला. डॅरिलचे कान लाल झाले.

"नेटी, हे बघा, मुलं पुढच्या वर्षी प्रांताच्या स्पर्धेपर्यंत जातील. त्यांना दुसरा सराव नको का? मुलींचं काय, त्या हौसेने खेळतात."

"पुढच्या हिवाळ्यात ऑलिंपिकला बायका हौसेने खेळणार आहेत, नाही का?"

"त्या रोझमुंडच्या आहेत का? सोमवारी बोलू ना आपण. आज तुमचा दिवस आहे, तो का नासवायचा?"

"सोमवारी कागद जातोय, डॅरिल."

"बाहेर तीनशे माणसं बसलीत. टीव्हीवाला सॅस्कटूनहून आलाय. प्लीज." असं म्हणून त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा. नेटीला तेव्हा खरा राग आला. इतका वेळ नुसती भीती वाटत होती.

माईक नको म्हणून आपणच सांगितलं होतं, हे तिला दाराबाहेर आल्यावर आठवलं. मनातल्या मनात तिने स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली.

कँटीनच्या फ्रीझरमधून, गोठवलेल्या बटाट्यांच्या शेजारून, डोरीनने चकती काढून दिली. मॅचची चकती आधी गोठवावी लागते, नाहीतर ती बर्फावर चेंडूसारखी उसळते. डॅरिलचं म्हणणं होतं, फोटोपुरती कुठलीही चालेल. "खेळायची असेल तशीच पाहिजे," असं बजावून आठ दिवसांपूर्वी ती फ्रीझरमध्ये ठेवायला लावली होती नेटीनेच. आता ती दगडासारखी गार चकती तिच्या हातमोज्यात होती.

ती सतरंजीवरून चालत निघाली. डाव्या हातात काठी, उजव्यात चकती. मुलींची टीम दोन रांगा करून उभी होती आणि काठ्या बर्फावर आपटत होती. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. कॅप्टन टॅनिस तर रडायच्या बेतात होती.

"मिसेस हॅलुश्का, तेवढा हातमोजा काढाल?" फोटोग्राफर म्हणाला. "चकती दिसायला हवी."

तिने हातमोजा काढला. चकती उघड्या बोटांना चावली.

समोर दोन कॅप्टन वाकले. आपल्या गावचा क्लेटन, आणि पाहुण्या टीमचा एक उंच, पुळ्यांनी भरलेल्या तोंडाचा मुलगा. रीत सगळ्यांना ठाऊक होती. पाहुणा कॅप्टन काठी नुसती टेकवतो, घरचा कॅप्टन चकती ओढून घेतो आणि ती टाकणाऱ्या मानकऱ्याच्या हातात परत देतो. मग मानकरी बाहेर, आणि मॅच सुरू. तीनशे माणसं उभी राहिली. नेटीने हात पुढे केला.

आणि तो तसाच ठेवला.

टाळ्या चालू राहिल्या, मग विरळ झाल्या, मग थांबल्या. फोटोग्राफरने तीन फोटो काढले आणि कॅमेरा खाली घेतला. कुणीतरी हसलं. बिचारी म्हातारी, विसरली वाटतं, असं पुढच्या बाकावरच्या बाईच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"मिसेस हॅलुश्का," क्लेटन हळूच म्हणाला, "आता टाकायची."

"ठाऊक आहे रे बाळा. पस्तीस वर्षं टाकतेय."

डॅरिल माईक काखेत मारून लगबगीने आला. "नेटी, काय चाललंय?"

"मंगळवार सात. मुलींचा आहे म्हण. माईकवर म्हण, मग टाकते."

"इथे? आत्ता? तुम्ही मला सगळ्यांसमोर..."

"तू मला सगळ्यांसमोरच बोलावलंस ना?"

डॅरिल वळून रेफ्रीला म्हणाला, "दुसरी चकती आणा आणि करा सुरू." रेफ्री शेजारच्या गावचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो म्हणाला, "स्केटशिवाय साध्या बुटातलं माणूस बर्फावर उभं असताना मी खेळ सुरू करत नाही. त्यांना उचलून न्यायचं असेल तर तुम्ही न्या." डॅरिलने टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि नेटीला उचलायचा विचार सोडून दिला.

तेवढ्यात वरून, कँटीनच्या खिडकीतून, डोरीनचा आवाज आला. तो आवाज बाराही महिने माईकशिवाय चालतो.

"मुलींचा मंगळवार काढून घेतलाय त्यांनी! विचारा त्याला! पहाटे साडेपाचला टाकलंय पोरींना!"

रिंकभर कुजबूज पसरली. मुलींच्या रांगेतल्या काठ्या थांबल्या. "मग पोरांनी सराव कधी करायचा?" असं एक बाप ओरडला, आणि त्याला दुजोरा देणारेही निघाले. गाव काही लगेच नेटीच्या बाजूने उभं राहिलं नाही. ते दोन्हीकडून भांडायला लागलं. डॅरिलला तेच हवं होतं. तो हाताची घडी घालून उभा राहिला.

"मी थांबू शकतो, नेटी," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही किती वेळ थांबाल?"

नेटीला ते त्याच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट केव्हाच बधिर झालं होतं. अंगठा दुखत होता, आणि दुखतोय तोवर तो आपला आहे हे तिला कळत होतं. चकती खिशात घालून चालणार नव्हतं. हात खाली गेला की म्हातारी नमली म्हणून सगळे खाली बसले असते. काठी टाकून दुसरा हात लावावा तर सतरंजीवरून पाय घसरला असता. एकदा चकती पडली की क्लेटन ती ओढणार, टाळ्या वाजणार, आणि सोमवारी कागद जाणार.

तिने दात आवळले. हात थरथरायला लागला, आणि तो पहिल्या रांगेपर्यंत दिसत होता. भांडणारी माणसं एकेक करून गप्प झाली. सगळी त्या हाताकडे बघायला लागली.

"पुरे आता," डॅरिल म्हणाला. त्याचाही आवाज आता धड नव्हता. "तुम्हाला लागेल."

"म्हण."

डॅरिलने माईक काखेत आणखी घट्ट दाबला. नेटीचा अंगठा सुटला.

चकती खाली पडली, एकदाही न उसळता, आणि दोन काठ्यांच्या मधोमध राहिली. हरलो, असं नेटीला वाटलं. एकोणतीस वर्षांचा तास आपल्याच बोटांनी टाकला, असं वाटून तिने डोळे मिटले.

पण काठीचा आवाज आला नाही. तिने डोळे उघडले. क्लेटनने काठी बर्फावरून उचलून गुडघ्यांवर आडवी धरली होती.

"घे ना रे!" डॅरिल म्हणाला. "पडली की!"

"पडली," क्लेटन म्हणाला. "त्यांनी टाकली नाही."

"क्लेटन, मंगळवार तुमच्याच टीमला मिळणार आहे. कळतंय का?"

"कळतंय." पोराची मान लाल झाली होती, पण काठी खाली आली नाही.

डॅरिलने आशेने पाहुण्या कॅप्टनकडे पाहिलं. त्या उंच मुलाने एकदा चकतीकडे पाहिलं, एकदा नेटीच्या निळ्या पडलेल्या बोटांकडे, आणि आपलीही काठी उचलली. "मला घाई नाही," तो म्हणाला. "आमची बस सहाला आहे."

डॅरिलने बाकांकडे पाहिलं. मघाशी ओरडलेला बापही खाली बघत होता. डॅरिलने काखेतला माईक काढला, तो दोनदा हातातून निसटला, मग चालू झाला.

"मंगळवार संध्याकाळी सातचा तास," तो म्हणाला आणि थांबला. नेटी त्याच्याकडे नुसती बघत राहिली. "मुलींचा आहे. पुढच्या मोसमातही. लेखी देतो."

आवाज उठला तो छपराला लागला. डॅरिलने स्वतः वाकून चकती उचलली आणि नेटीपुढे धरली. तिने घ्यायला हात केला, पण बोटं मिटेनात. टॅनिस रांग सोडून सरकत आली. तिने आपला ग्लोव्ह काढून फेकला, नेटीचा हात खालून आपल्या तळहातावर घेतला आणि चकती त्या हातावर ठेवली. दोघींनी मिळून तो हात कलता केला. क्लेटनने चकती ओढली.

नेटी रडत होती. ती रडताना तोवर गावात कुणी पाहिलं नव्हतं आणि आज तीनशे माणसं पाहत होती. तिला त्याचं काही वाटलं नाही.

टॅनिस तिच्या कानाशी म्हणाली, "मंगळवारी सातला येतो आम्ही सगळ्या."

"सातला नाही," नेटीने बाहीने नाक पुसलं. "सहा पन्नासला. स्केट बांधून तयार."