राबियाबीच्या तीन रांगा

डोळ्यांच्या वॉर्डात माणसं पट्टी बांधून पडलेली. दिसत नाही, म्हणून बोलत राहतात! किस्से आपोआप साचतात. सत्तर सालच्या आसपास धुळ्याच्या त्या वॉर्डात आम्ही दोघी आया होतो, मी आणि राबियाबी. दोघींच्याही घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं. त्यामुळे ड्यूटी संपली तरी आम्ही आपल्या तिथंच!

*

एका मारवाडी शेठजींना मेलेल्या माणसाचा डोळा बसवायचा होता. त्यांची एकच काळजी.

"मांस-मच्छी खाणाऱ्याचा नको हां!"

राबियाबी म्हणाली, "शेठ, खातं ते तोंड! डोळा बिचारा नुसता बघतो!"

*

मग तिनं मेल्यावर स्वतःचेच डोळे घ्या म्हणून डॉक्टरांना लिहून दिलं आणि मला घेऊन मौलानांकडे गेली.

"देह अल्लाची अमानत आहे, बी," मौलाना म्हणाले. "आपला नाहीच, तर द्यायचा कसा?"

"त्याच्याच बंद्याला उपयोगी पडला तरी?"

मौलाना म्हणाले, "धर्म शिकलेले काही आलिम हो म्हणतात, काही नाही. माझं मन अजून नाहीच म्हणतं."

"माझ्या जनाज्याची नमाज तरी पढाल?"

"ती का नाही पढणार!"

"आणि लोक येतील?"

"लोकांचं मी काय सांगू, बी?"

*

दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाली, "ईदला शीरखुर्मा करते, तर खायला तू एकटी. त्यात तुझा उपास निघतो!"

मी हसले. ती हसली नाही.

"वाटायचं, शेवटी तरी जनाज्याच्या नमाजेला मागं तीन रांगा उभ्या राहतील. तीन रांगा झाल्या की अल्ला माफ करतो म्हणतात."

"मग दिलेलं परत घे ना."

"अन् ज्याला डोळा मिळायचा, तो आंधळा? त्याच्यामागं तरी कोण उभंय?"

*

थंडीत एका पहाटे ती वॉर्डातच वारली. डॉक्टरांनी डोळे घेतले. चोपड्याच्या एका आबांना दुसऱ्या दिवशी त्यातला एक बसायचा होता. कुणाचा, ते सांगायचं नाही असा नियम.

संध्याकाळी जनाजा दवाखान्यावरून निघाला. कलमा ऐकून आबा चाचपडत खिडकीशी आले.

"कोन गयं, अक्का?"

"आमच्यातलीच एक बाई."

"गर्दी शे का?"

मी खिडकीतून खाली पाहिलं. मौलाना स्वतः खांदा देत होते. मागे एक रांगही धड होणार नव्हती.

"नाही हो, आबा."

आबांनी भिंतीला टेकवलेली काठी एका हातात घेतली आणि दुसरा हात धरून न्यायला माझ्यापुढे केला.

"मंग माले लई चाल!"