भाऊ का करून राह्यले?

आमचे हे नाटकाच्या प्रचाराच्या जीपमध्ये बसायचे. आमच्या वडशाकडं दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्या नाटकाची हाळी देत ही जीप दिवसभर फिरायची. टपावर भोंगा, आत यांचा आवाज. "आज रात्रीला, आपल्याच गावात! या बरं का मायबाप!" धान कापणाऱ्या बाया हात थांबवून ऐकायच्या. त्यातली एक मी. माझं लग्न त्या आवाजाशीच झालं म्हणा ना, तोंड तर मी नंतर पाहिलं.

मग यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

आमच्याकडं कोणी भेटलं की पहिलं विचारतात, "का करून राह्यले?" ज्यांना कळत नसेल त्यांनी 'काय करताय' समजावं. तर यांना हे कोणी विचारेनासंच झालं. हे अंगणात खाटेवर बसलेले असायचे आणि येणारा-जाणारा मला विचारायचा, "बाई, भाऊ का करून राह्यले?" अरे, डोळे फुटले का तुमचे? समोर बसले आहेत ना! ऐकू येतं त्यांना, पाटीवर लिहून उत्तरही देतात. पण पाटी वाचायला थांबतो कोण? एक दिवस यांनी पाटी खुंटीला टांगली ती टांगलीच. मी वाढू का विचारलं तरी मान हलवायचे नाहीत. हा माणूस असा घरात बसल्या बसल्या संपून जातो की काय, अशी भीती वाटायची मला.

त्या दिवाळीला पुण्यात शिकणारी आमची मुलगी घरी आली आणि आम्हा दोघांना स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत घेऊन गेली. पडद्याआड जोडीजोडीनं मांडलेल्या खुर्च्या! मालक गालातल्या गालात हसला. म्हटलं, हसून घे बाबा, पोरगी संगं आहे आमची. तिनं कॉम्प्युटरवर एक पान उघडलं. वर इंग्रजीत एक ओळ, खाली रिकामा चौकोन. "यात दोन ओळी लिहायच्या. मग जगात कोणीही वाचू शकते," ती म्हणाली.

"आन् वर का लिहिलं आहे?" मी विचारलं.

"ते विचारून राह्यलं, तुम्ही आत्ता का करून राह्यले."

हे त्या ओळीकडं एकटक बघत राहिले.

"कोण विचारून राह्यलं?" मी म्हटलं.

"कोणी नाई आई. सगळ्याईलेच विचारते ते."

"विचारते ना पण!" देवाशप्पथ, त्या डब्ब्याच्या पाया पडावंसं वाटलं मला.

यांनी खुणेनं पेन मागितला आणि तळहातावर लिहिलं, "कुठवर ऐकू जाते?" भोंग्याचा माणूस! कोणत्या गावी आवाज पोचतो, वारा फिरला की कुठं तुटतो, सगळं पाठ होतं त्यांना. पोरगी म्हणाली, "बाबा, पार दुबई-अमेरिकेपर्यंत." मी म्हटलं, चल, काहीही सांगतेस. यांचा भोंगा वैनगंगा नदीपलीकडं जात नव्हता!

यांनी एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, "मायबाप, आज रात्रीला आपल्याच गावात नाटक आहे. या बरं का." पोरगी हसून हसून बेजार. "बाबा, जीप नाई हे! अमेरिकेतल्या माणसाले आपलंच गाव म्हणजे कोणतं समजंल?" मग तिनं शेवटी 'वडसा' जोडलं.

ती पुण्याला गेली तरी हे रोज दुपारी कॅफेत जायला लागले. कोणत्या मंडईत कोणतं नाटक, ते 'आपल्याच गावात' म्हणत लिहायचे, शेवटी 'वडसा'. मी सोबतीला. बरेच दिवस झाले, पोरीशिवाय कोणी ओ देईना. एकदा मी वैतागलेच, "चला घरी. इथी बोंबलण्यापेक्षा म्हशीशी बोललेलं बरं, ती मान तरी हलवते." हे जागचे उठले नाहीत.

आणि त्याच दुपारी, मी पदरानं वारा घेत बसलेली असताना, यांनी मला कोपरानं ढोसलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोणाचं तरी उत्तर आलं होतं. मी इंग्रजी अक्षरं जुळवत, अडखळत वाचलं.

"भाऊ, तुम्ही भोंग्याच्या जीपवाले ना? मी ब्रह्मपुरीकडचा, मंडईले वडशाला यायचो, आता दुबईत क्रेन चालवतो. इथं वडसा शोधून राह्यलो होतो, 'आपल्याच गावात' वाचलं आन् तुमचा आवाजच ऐकू आला."

अगं माय! जो आवाज डॉक्टरनं गळ्यातून काढून टाकला, जो मला घरात ऐकू येईना, तो समुद्रापलीकडं त्या माणसाच्या कानात जिवंत होता! मी यांच्या गळ्यावरच्या व्रणाकडं पाहिलं, मग त्या पडद्याकडं. मग तो निरोप पुन्हा वाचला, मोठ्यानं. आणि माझं मोठ्यानं म्हणजे काय, ते आमच्या गल्लीला विचारा.

त्याच्या निरोपाच्या शेवटी आणखी एक ओळ होती. "का करून राह्यले, भाऊ?"

यांनी खुर्ची पुढं ओढली आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं.

"बोलून राह्यलो."