बेलिसारिओने लावलेली आग

बेलिसारिओ किश्पे म्हणजे गावचा चालताबोलता नियम. वर, जिथे झाडी संपून गवताळ माळ सुरू होतो, तिथली नारिंगी फुलांची झुडपं कुणी तोडायची नाहीत, तिकडे काडीसुद्धा ओढायची नाही, हा दंडक त्यानेच घातलेला. का, तर त्या फुलांवर किंदे जगतो. अंगठ्याएवढा हमिंगबर्ड, जांभळ्या गळ्याचा. थंडीत बिचारा भिरभिरतही नाही, फांदी धरून बसूनच मध पितो. किंदे दारात आला की गेलेल्या माणसाची खुशाली घेऊन आला, असं आम्ही मानतो. आई वारल्यापासून बेलिसारिओला तर त्याचं वेडच लागलेलं.

आणि याच शहाण्याने गाईंना कोवळं गवत फुटावं म्हणून गुपचूप वाळलेला माळ पेटवला. वारा फिरला आणि झुडपं जळून गेली.

त्या दिवशी विधवा झोइलाची गाय वर चरत होती, म्हणून गावाने तिच्याकडे बोट दाखवलं. गावचा मुखिया बेलिसारिओच. खरं सांगायचं सोडून हा मूग गिळून बसला, आणि वर त्याच तोंडाने शिक्षा सुनावली: झुडपं पुन्हा फुलेपर्यंत झोइलाचं अन्न चादरीवर घ्यायचं नाही. गावचा पाण्याचा पाट मिळून साफ करून झाला की आम्ही सगळे आपापले उकडलेले बटाटे, मका एकाच चादरीवर ओततो आणि भोवती बसून जेवतो. त्यातून काढलं की माणूस माणसांतून उठला.

पुढच्या खेपेला पाटातला गाळ झोइलानेही उपसला. मग लांब जाऊन एकटीच फडक्यातला मका चावत बसली. बेलिसारिओच्या तोंडात बटाटा नुसता फिरत राहिला. शरमेने कान तापले त्याचे. एवढ्या उशिरा सुचली मेल्याला लाज! शेवटी उठला, टोपी काढली.

"आग मी लावली. तिने नाही."

तो खालमानेने झोइलापुढे जाऊन उभा राहिला.

"ठाऊक आहे, भाऊ," ती म्हणाली. "वरून पळत येताना पाहिलं होतं तुला."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला सांगणार? तक्रार तुझ्याकडेच करायची ना?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याची बायको असुंता उठली. झोइलाचा मका तिने नेऊन चादरीवर ओतला, आपल्या नवऱ्याचे बटाटे एकेक करून वेचले आणि त्याच्या टोपीत टाकले.