चालते

मेडशीच्या उदयसिंगाला बैल विकायचा नसे, घ्यायचाही नसे. तरी मालेगावच्या बाजारात शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, शौकीन आधी त्यालाच शोधत. पटात जोडी पळवायची म्हणजे गंमत आहे का? घेणारा चार जणांना विचारून हैराण झालेला असे. विकणाऱ्याचा बैल दर पटात पहिलाच आलेला, आणि हरलेल्या गड्याच्या तोंडी त्याच बैलाच्या शंभर खोडी. मग उदयसिंग बैलाच्या बरगडीला कान लावी आणि एकच शब्द बोले. ‘पळते’ म्हणजे पटाचा. ‘चालते’ म्हणजे नांगराचा, शर्यतीत घालू नका. मेडशीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शहात्तर साली रिठदचा उकंडराव आला. त्याच्या जोडीतला एक बैल म्हातारा झालेला, पण पटाचा नाद सुटत नव्हता. एक काबरा बैल त्याच्या मनात भरला.

“कसा हाय, उदयसिंगभाऊ?”

उदयसिंगाने कान लावला. श्वास मधेच अडखळत होता.

“चालते,” तो म्हणाला.

उकंडरावाचा चेहरा खुलला. एरवी कोणीही ‘चालते’ म्हटलं की आपण ‘पसंत आहे’ असंच समजतो ना? मी बाजूलाच होतो. वाटलं, नांगराला नेत असेल. विचारलं असतं तर काय माझी जीभ झिजली असती?

संक्रांतीनंतरच्या पटात काबरा पहिला आला. रेघ ओलांडून खाली बसला, तो उठलाच नाही.

दुसऱ्या दिवशी उकंडराव मेडशीला आला. भांडला नाही.

“तुमी चालते म्हनलं. तुमच्या भरोशावर पळवला म्या. लेकरावानी जीव लावला होता त्याले.”

उदयसिंग म्हणाला, “माहं चुकलं, भाऊ. म्या पुरं सांगतलंच नाही.”

त्यानंतर त्याने निकाल देणं सोडलं. कोणी विचारलं की त्याचाच हात धरून बरगडीवर ठेवी. “तूच आइक.” लोक वैतागत, एवढा वेळ कोनाले हाय म्हणत. हळूहळू त्याला कोणी विचारेनासं झालं. ते त्याला फार लागलं.

दोन वर्षांनी उकंडराव पुन्हा बाजारात दिसला. एका विकणाऱ्याचा देखणा पांढरा बैल घेऊन तो सरळ उदयसिंगापुढे उभा राहिला. उदयसिंगाने त्याचा हात बरगडीवर ठेवला. उकंडरावाने हात काढून कान लावला. बराच वेळ लावला.

“काय म्हनते?” उदयसिंगाने विचारलं.

“चालते,” उकंडराव म्हणाला आणि दावं मालकाच्या हातात परत दिलं.

उदयसिंग भर बाजारात रडला.