पहिलं प्रकरण कुणाचं

कादंबरी लिहायचं सॉफ्टवेअर घेऊन मला तीन वर्षं झाली होती, आणि ती तीन वर्षं मी ते निव्वळ टाइपरायटरसारखं वापरलं. मिरजेच्या एका दवाखान्यात मी रक्त-लघवी तपासायचं काम करते. दुपारच्या सुट्टीत अर्धा डबा खायचा, लॅपटॉप उघडायचा, शेवटचं पान गाठायचं आणि पुढे लिहायचं. पडद्याच्या डाव्या बाजूला कसले कसले खण होते, चिन्हं होती. त्यांच्याकडे मी ढुंकूनही पाहत नसे.

कादंबरी वडिलांवर होती. आण्णा फौजेत ट्रक चालवायचे. पहिलं प्रकरण असं होतं: कडेगावजवळच्या आमच्या गावात आजी वारते, तार जाते, आणि तिचा मुलगा बर्फातून निघून, गाड्या बदलत बदलत, शेवटचा टप्पा उसाच्या ट्रॅक्टरवर बसून गावात पोचतो आणि आईला अग्नी देतो. घरात लहानपणापासून हेच ऐकत आले होते. मी तेव्हा चार वर्षांची होते, मला फक्त अंगणातली गर्दी आठवते. हे प्रकरण ज्याला ज्याला वाचून दाखवलं, त्याचे डोळे भरून आले.

पण पुढे काही हलेना. दोनशे पानं झाली तरी कुठेतरी काहीतरी सैल आहे असं वाटत राही. बसल्या जागी पाय हलायचा. उठायचं, पाणी प्यायचं, परत बसायचं, एक वाक्य लिहायचं, तेच खोडायचं. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणायची, "मॅडम, आज तुमचीच शुगर तपासू या का?"

साताऱ्याला माझी एक जुनी मैत्रीण असते. ती भाषांतरं करते आणि तेच सॉफ्टवेअर वापरते. एका शनिवारी सकाळीच मी एसटीने तिच्याकडे गेले. तिने माझी फाइल उघडली आणि कपाळाला हात लावला.

"दोनशे पानं एकाच खणात? अगं, बाकीचं सगळं काय शोभेला ठेवलंय का?"

तिने मला कामालाच लावलं. आधी सगळा मजकूर प्रसंगांप्रमाणे तोडायचा आणि प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड करायचं. कार्डावर एकच ओळ, या प्रसंगात काय घडतं तेवढीच. मला वाटलं होतं हे सोपं आहे. काही कार्डांवर लिहायला ओळच सापडेना. तिथे काही घडतच नव्हतं, आण्णा नुसते आठवणी काढत बसले होते. मग प्रत्येक कार्डावर कोण कोण हजर आहे त्याची नोंद केली. एवढं झालं की एका माणसाच्या नावावर बोट ठेवायचं, आणि तो माणूस जिथे जिथे येतो तेवढीच कार्डं समोर येतात.

मैत्रिणीने सहज आत्याच्या नावावर बोट ठेवलं. आत्या म्हणजे आण्णांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षभरातच माहेरी आली ती कायमची, आणि माझी आई गेल्यापासून घर तीच सांभाळते. सात कार्डं निघाली. सातही ठिकाणी ती चहा आणत होती.

"ही कोण? हॉटेलात कामाला आहे का?" मैत्रिणीने विचारलं.

मी हसले, पण ते मला लागलं. ज्या बाईने माझी वेणी घातली, माझ्या बाळंतपणात सव्वा महिना माझ्याजवळ राहिली, तिला मी दोनशे पानांत एकही वाक्य बोलायला दिलं नव्हतं.

मग आम्ही कालरेषा भरायला घेतली. प्रत्येक प्रसंगाला तारीख द्यायची. आजी माघात गेली, ती तारीख घरातल्या फोटोखाली रंगवलेली आहे, मला पाठ होती. आण्णांच्या जुन्या पत्रांचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये होते. ते प्रसंगाच्या शेजारी लावून ठेवता येतात, हेही मला त्या दिवशी कळलं. एकेक पत्र लावत गेले. एका पत्रावर आण्णांच्या हातची तारीख होती, आजी गेल्यानंतर आठव्या दिवसाची. पत्र त्याच बर्फाळ ठाण्यावरून लिहिलेलं. मजकूर असा: "आईच्या पायाचे दुखणे कसे आहे? तिला सांगा, चैत्रात रजा मिळते आहे."

मी ते तीनदा वाचलं. आईला अग्नी देऊन आलेला माणूस आठव्या दिवशी तिच्या पायाचं दुखणं विचारतो?

"तारीख चुकली असेल," मैत्रीण म्हणाली. आम्ही वरचं पत्र पाहिलं, खालचं पाहिलं. तारीख चुकलेली नव्हती.

तिने जेवायला थांबवलं. दुपारी निघाले. तिकीट मिरजेचं काढायचं ते कराडचंच काढलं, आणि कराडला उतरून कडेगावची गाडी धरली. गाडीत दोनदा जागा बदलली. कशाला बदलली ते मलाही सांगता येणार नाही.

दिवे लागायच्या वेळेला पोचले. आण्णा ओसरीवर बसले होते. त्यांना आता नीट दिसत नाही, पावलांवरूनच माणूस ओळखतात. मी पिशवी खाली न ठेवताच विचारलं, "आण्णा, आजीला अग्नी कुणी दिला?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड वळवलं. "तिला इचार."

आत्या भाकरी थापत होती. तिने हात थांबवले नाहीत. "मी दिला. का गं?"

"मग आण्णा ट्रॅक्टरवरून आले ते?"

"आलं की. चैतात आलं. तवा भावकीनं त्यांच्याकडनं दिवसकार्य सगळं परत करून घेतलं." तिने भाकरी तव्यावर टाकली. "चुलता म्हनत हुता, माझा पोरगा दील अग्नी, बाईमानसानं पुढं व्हायचं न्हाई. मी म्हनलं, सा महिनं आईचं हागनं-मुतनं मी काढलंय, तवा तुमचा पोरगा कुटं हुता? मडकं घेटलं आन् चालाय लागले."

"आणि लोक?"

"लोक काय, बोलले. मग लेकानं केलं, लेकानं केलं म्हनाय लागले. मला काय त्याचं."

कुणी ठरवून खोटं बोललं नव्हतं. माघातली एक गोष्ट आणि चैत्रातली एक, दोन्ही मिळून एक झाली आणि त्यातून आत्या गळून पडली. मी तीच गोष्ट छान सजवून लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा म्हणाले, "तू काय लिवलंयस ते तर ऐकीव." त्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची सोय आहे. मैत्रिणीने आदल्या दिवशीच ती सुरू करून दिली होती. मी लॅपटॉप ओसरीवर ठेवला. यंत्रातली बाई शुद्ध आवाजात आण्णांना ट्रॅक्टरवरून उतरवू लागली.

"ही कुटली बाई? पुन्याची का?" आत्या दारातून म्हणाली.

माझं लक्ष आण्णांकडे होतं. मी वाचते तेव्हा आवाज चढवते, थांबते, लोक रडतात. त्या कोरड्या आवाजात प्रकरणाचा सगळा पोकळपणा ऐकू येत होता. "त्याच्या डोळ्यांत सह्याद्रीएवढं दुःख दाटलं होतं," यंत्र म्हणालं, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

आण्णांनी हात वर केला. मी ते थांबवलं.

"हे काडून टाकनार न्हवं?"

"व्हय आण्णा. काढावं लागंल."

"काड. मला कवापासनं सांगायचं हुतं, जीभ रेटली न्हाई. पन तार मला कवा घावली ते लिव. रस्ता बंद हुता. पंधरा दिसांनी घावली. गाडीखाली पडून नट आवळत हुतो, साहेबानं वाकून हातात दिली. मी वाचली आन् ऱ्हायलेलं नट आवळलं. मग भाईर आलो. ते लिव."

आत्या दारातच उभी होती. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

जुन्या प्रकरणाची प्रत मी पुसली नाही. सॉफ्टवेअरमध्ये आधीचा मसुदा तारखेसकट जपून ठेवता येतो, तसा तो ठेवला. पुसायला धीर झाला नाही, हेच खरं. नवीन प्रकरण आत्याचं आहे. ते तीन वेळा लिहून झालं. दर रविवारी गावी जाते, यंत्रातली बाई वाचते, आणि आत्या धान्य निवडता निवडता तिला मध्येच तोडते. मागच्या खेपेला मी लिहिलं होतं की मडकं फोडताना तिचे हात थरथरत होते.

"हात न्हाई थरथरले," ती म्हणाली. "लाकडं वली हुती. पेटत नव्हती. मला त्येचाच घोर लागल्याला."

मी ती ओळ खोडली. लाकडांचं लिहायला घेतलं, तर ओली लाकडं पेटवायला तिने काय केलं ते मला ठाऊकच नव्हतं. विचारेपर्यंत ती सूप घेऊन आत गेली होती. मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवून तिच्या मागे गेले.