दोन गाड्या आणि गोदूबाईंचा तांब्या

गोदूबाई ऑटोत बसल्या की त्यांना बंगळूर दिसत नसे, मीटर दिसे. शेजारी कुणीही असो, मीटरवरची नजर त्या दुसऱ्याच्या हवाली करत नसत. नवरा हयात होता तेव्हा त्याच्याही केली नव्हती. "तुमचं लक्ष झाडांवर आणि त्याचं लक्ष तुमच्या खिशावर," असं म्हणून त्यांनी त्या भल्या माणसाला लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत कडेला सरकवलं होतं. तो बिचारा जन्मभर कडेलाच बसला.

दूधवाल्यानं डोळ्यांसमोर दूध मापून दिलं तरी गोदूबाई त्यात बोट बुडवून बघत. गॅसचा सिलिंडर आला की दोन्ही हातांनी हलवून बघत. पुजाऱ्यानं तीर्थाची पळी स्वल्प कमी भरली तरी त्यांच्या मनात पाल चुकचुके. गवीपुरमात तीन पिढ्या मुरलेलं हे मराठी घर. चुलीपाशी मराठी, दारापाशी कन्नड, आणि दोन्हीकडे गोदूबाईंचा संशय सारख्याच सफाईनं चाले.

अशा बाईला हसायला काही लागत नाही, आणि आळीनं कमी हसून घेतलं असंही नाही. पण दुधानं तोंड भाजलेला ताकही फुंकून पितो, आणि गोदूबाईंचं तोंड त्यांच्या थोरल्या बहिणीच्या घरी भाजलं होतं.

ती बहीण म्हणजे होसकोट्याच्या अंबुबाई. तिच्या मुलानं गाडी घेतली. पहिल्या रविवारी देवदर्शनाला निघायचं म्हणून अंबुबाई ठेवणीतलं पातळ नेसून फाटकाशी उभी राहिली. मुलगा म्हणाला, "मागं सामान आहे अम्मा, तू पुढच्या खेपेला." ती पुढची खेप काही आली नाही. वर्षाच्या आत मुलगा आणि सून येलहंक्याला नव्या घरात राहायला गेले, आणि अंबुबाई होसकोट्याच्या घरात एकटी उरली. गोदूबाई तिला भेटायला जात तेव्हा ती अजून रस्त्यावरच्या प्रत्येक हॉर्नला मान वर करायची. ते पाहिल्यापासून गोदूबाईंना आपलंही असंच होणार ही भीती बसली होती. दुधात पाणी सापडलं तर दूधवाला बदलता येतो. मुलगा बदलता येत नाही.

त्यामुळे अठ्ठ्याण्णव साली नंदकिशोरनं घरात गाडीचा विषय काढला तेव्हा गोदूबाईंच्या हातातली कणीक तशीच राहिली.

नंदकिशोर हा त्यांचा एकुलता एक. बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात सुपरवायझर. रोज स्कूटरवरून होसूर रोडची धूळ खात जायचा आणि तोंडावर तांबडा थर घेऊन परत यायचा. लग्नाला वर्ष झालं होतं. बायको रूपश्री शांत, कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काय असेल ते सांगता येत नाही, हे गोदूबाईंचं मत तिच्या गृहप्रवेशाच्या दिवशीच पक्कं झालं होतं.

"रोज जायला गाडी पाहिजे," नंदकिशोर म्हणाला, "पण रडतखडत चालणारी नको. जरा दम असलेली, पळणारी पाहिजे." आणि त्यानं दोन गाड्यांची चकचकीत पत्रकं आईसमोर ठेवली. एक लाल झेन होती. दुसरी गोव्याकडे बनणारी, जमिनीला चिकटलेली, पुढून पाहिली तर दात विचकून हसणारी अशी काहीतरी होती. तीही लालच.

"अम्मा, तू म्हणशील ती," नंदकिशोर म्हणाला.

गोदूबाईंचा ऊर भरून आला. अंबुबाईच्या मुलानं असं कधी विचारलं होतं का? पण ऊर भरला असतानाही त्यांचा एक डोळा रूपश्रीवर होता. रूपश्री पत्रकांकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती. आणि ती नजर गोदूबाईंना सरळ वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रूपश्री फोनवर आपल्या आईशी दबक्या आवाजात बोलत होती. गोदूबाई पापड वाळत घालायचं सोडून दाराआड थांबल्या. "अत्तेंना कळायला नको," रूपश्री म्हणत होती. "मी त्याला समजावते. अत्तेंना कळायच्या आत झेनच ठरवून टाकते." मग खालच्या घरात कुणीतरी मिक्सर लावला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

ऐकलं तेवढं पुरे होतं. सासूला अंधारात ठेवून सून झेन ठरवते आहे. म्हणजे झेनमध्येच काहीतरी पाणी मुरतं आहे. गोदूबाईंनी त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा घातलं आणि कुणी बोललं तर बोलू दे म्हणून वाट बघत बसल्या. रूपश्री मुकाट्यानं जेवली. तेही त्यांना संशयास्पदच वाटलं.

शनिवारी झेनची परीक्षा ठरली. गोदूबाई दर शनिवारी कारंजी आंजनेयाच्या, म्हणजे मारुतीच्या, देवळात दुधाचा तांब्या नेत, ऑटोत मांडीवर धरून. गाडी कशी आहे ते इंजिनवरून कळतं, असं पुरुष म्हणोत. गोदूबाईंचं माप वेगळं होतं. काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर घ्यायचा आणि रस्त्यावरचे हंप, म्हणजे गतिरोधक, मोजत जायचं. दूध सांडलं तर गाडी नापास. बंगळुरात हंपांना काय तोटा.

दुकानातला माणूस चालवायला, नंदकिशोर त्याच्या शेजारी, मागं सासू आणि सून. झेन सुटली ती गवीपुरमच्या उतारावरून वाऱ्यासारखी. एक हंप गेला, दुसरा गेला. दूध तांब्याच्या काठाशी आलं, थरथरलं, परत खाली बसलं.

"बघितलंत अत्ते?" रूपश्री आनंदानं म्हणाली. "पळतेपण आणि मागं नीट बसतापण येतं. तुमचे गुडघे आखडणार नाहीत."

मागं! म्हणजे आपली जागा हिनं ठरवूनसुद्धा ठेवली. जिथं अंबुबाईच्या मुलाचं सामान होतं, तिथं. पुढचा हंप तसा लहानच होता. पण त्या वेळी त्यांचं कोपर तांब्याला लागलं, आणि ते कसं लागलं हे आंजनेयाला ठाऊक आणि त्यांना ठाऊक. अर्धं दूध नव्या कोऱ्या सीटवर गेलं.

"नको ही गाडी," त्या म्हणाल्या. "देवाचं दूध सांडलं."

घरी आल्यावर रूपश्रीनं पहिल्यांदा सासूच्या विरोधात तोंड उघडलं. "अत्ते, दुसरी गाडी आपल्या कामाची नाही. रोजची वापरायची गाडी ती नव्हे. त्यात जागा फार कमी…"

"जागा मनात असावी लागते," गोदूबाई म्हणाल्या.

"पण अत्ते, तुम्ही एकदा जाऊन बघून तरी…"

"रूपा, सुम्ने, गप्प बस," नंदकिशोर मधेच म्हणाला. "अम्माला बोलू दे. अम्मा, तुझा निर्णय काय?"

गोदूबाई तोऱ्यात म्हणाल्या, "दुसरी घे." सून जी गाडी नको नको म्हणते तीच आपल्या सोयीची असणार, हे कुणीही सांगेल. नंदकिशोरनं वाकून आईच्या पायाला हात लावला. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. दुधात बोट बुडवणाऱ्या, सिलिंडर हलवणाऱ्या बाईंनी ते हसू पाहिलं आणि आईवरची माया म्हणून ठेवून दिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

गाडी मिळायचा दिवस शनिवारचाच धरला. नंदकिशोर दुकानातून गाडी घेऊन थेट देवळापाशी येणार होता. गोदूबाई आणि रूपश्री दुधाचा तांब्या, झेंडूची माळ आणि लिंबं घेऊन ऑटोनं आधी पोचल्या. सुनेचा चेहरा उतरला होता. बेत फसला, दुसरं काय, असं म्हणून गोदूबाईंनी माळ सारखी केली.

आणि गाडी आली. लाल, बुटकी, गुरगुरणारी. फुलं विकणाऱ्या बायकासुद्धा उठून उभ्या राहिल्या. गोदूबाईंनी अभिमानानं गाडीला एक फेरी घातली. मग दुसरी घातली. मग त्या वाकल्या आणि काचेतून आत बघू लागल्या. दार ह्या बाजूला एक, त्या बाजूला एक. आत दोन सीट. आणि दोन सीटच्या मागं गाडी संपत होती.

"नंदू, मागची सीट कुठं आहे?"

"नसतेच अम्मा ह्याला. दोघांचीच गाडी ही." नंदकिशोर बॉनेटवरून हात फिरवत होता. "तूच पसंत केलीस की."

पुजाऱ्यानं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, स्टिअरिंगला कुंकू लावलं, माळ घातली, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. नव्या गाडीत पहिल्यांदा सवाष्णीनं बसायचं, म्हणून रूपश्रीला बसवलं. विधवेनं अशा वेळी पुढं यायचं नाही, हा नियम गोदूबाईंनी दुसऱ्या बायकांना किती वेळा बजावला होता. आज त्या आपण होऊन खांबामागं जाऊन उभ्या राहिल्या. गाडी पुढं गेली, लिंबं फट्‌दिशी फुटली.

नंदकिशोरनं काच खाली केली. "एक चक्कर मारून येतो आम्ही. अम्मा, तू पुढच्या खेपेला."

तेच शब्द. होसकोट्याच्या फाटकाशी जे बोलले गेले ते शब्द, ह्या त्यांच्या पोटच्या पोराच्या तोंडातून. गोदूबाईंनी तांब्या दोन्ही हातांनी घट्ट धरला; दूध सांडायला आता हंपाची गरज नव्हती.

पण गाडी हलली नाही. रूपश्रीचं दार उघडलं आणि ती खाली उतरली.

"अत्ते, तुम्ही बसा. मी ऑटोनं येते."

सवय अशी सुटत नाही. हिचा ह्यात काय डाव, हेच गोदूबाईंच्या मनात आधी आलं. आणि मग फोन आठवला. "तू आईला फोनवर काय सांगत होतीस?" त्यांनी तिथंच विचारलं. "अत्तेंना काय कळायला नको होतं?"

रूपश्रीनं मान खाली घातली. "ह्यांना दोघांचीच गाडी पाहिजे होती. लहानपणापासूनची हौस म्हणे. तुम्हाला कळलं असतं तर वाईट वाटलं असतं. म्हणून तुम्हाला कळायच्या आत मी झेन…"

गोदूबाई गाडीकडे वळल्या. आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता, आणि तो उचलून हातात ह्यानं दिला होता. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मुलाकडे दूधवाल्याकडे बघतात तसं बघितलं. "नंदू, तुला ठाऊक होतं. मी पत्रक बघत होते तेव्हाही ठाऊक होतं."

नंदकिशोर स्टिअरिंगवरचं कुंकू पुसू लागला. "अम्मा, तूच तर…"

"पूस, नीट पूस," त्या म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि रडण्यापेक्षा राग बरा म्हणून त्यांनी तोच धरला. आत जाऊन दूध देवाला दिलं, रिकामा तांब्या घेतला आणि बाहेर येऊन समोरची ऑटो थांबवली.

"गवीपुरम. मीटर टाका अण्णा," रूपश्री ऑटोवाल्याला म्हणाली. गोदूबाई आधी चढल्या, आणि नेहमीची, मीटरसमोरची जागा सोडून पार कडेला सरकल्या. नवरा जन्मभर बसायचा तिथं.

"ये, बस," त्या सुनेला म्हणाल्या. "मीटर तू बघ. मला त्या गाडीवर लक्ष ठेवायचंय."

पुढं लाल गाडी एकट्या नंदकिशोरला घेऊन उतार उतरत होती. रूपश्रीनं मीटरवर नजर लावली, आणि गोदूबाईंनी घर येईपर्यंत एकदाही वाकून मीटरकडं बघितलं नाही.