धाकट्या महालक्ष्मीचे पाय

माझ्या मीनलने सांगितलं की तिला मुलाशी लग्न करायचंच नाही, पुण्यात ज्या सायलीबरोबर ती राहते तिच्याबरोबरच आयुष्य काढायचं आहे, तेव्हा मी देवावरच रुसले. इतके उपास केले, त्याचं हे फळ? ती म्हणाली, आई, आता कायद्यानेही हा गुन्हा नाही. मी म्हटलं, कायदा माझ्या देवघरात चालत नाही. मग अंबादेवीची ओटी भरली, मुलगी सुधरू दे म्हणून नवस बोलले. एका महाराजांनी मागच्या जन्मीचं कर्म सांगून अकरा शुक्रवार दिले, तेही केले. माझ्या माहेरच्या, वलगावच्या म्हाताऱ्या कीर्तनकारबुवांना विचारलं, तर ते म्हणाले, देवानेच घडवली, तू कशाला खोट काढतेस? मला ते उत्तर नको होतं, म्हणून त्यांच्याकडे जाणंच सोडलं.

भाद्रपदात महालक्ष्म्या जवळ आल्या. मीनलला फोनवर बजावलं, एकटी येशील तर ये, ती माझ्या उंबऱ्याच्या आत नको. ती म्हणाली, मग मीही येत नाही. मी फोन ठेवला आणि सोळा भाज्यांची यादी करत बसले. हट्ट माझाही काही कमी नाही.

आमच्या अमरावतीच्या घरी रीत अशी की मुखवटे तुळशीपासून घरात दोघींनी आणायचे, थोरली माझ्या जावेने आणि धाकटी मीनलने. मी उंबऱ्यावर दूधपाण्याने दोघींचे पाय धुवायचे, कारण मुखवटा हातात असेपर्यंत ती साक्षात महालक्ष्मीच. मीनलच्या जागी कोणीतरी मिळेल, असा माझा भरवसा होता. पण ऐन सकाळी अकोल्याहून जावेचा फोन आला, की काल जिन्यावरून घसरले, पाय प्लास्टरमध्ये आहे. शेजारी विचारलं, तर त्यांच्याकडेही महालक्ष्म्या आणि मुहूर्त तोच. सगळी तयारी झाली, मुखवटे तुळशीजवळ पाटावर ठेवले आणि उचलायला कोणी नाही. मी मटकन खाली बसले आणि रडले. देवीला एवढंच म्हणाले, बाई, तुला यायचं असेल तर तूच माणसं आण, माझ्याच्याने आता काही होत नाही.

थोड्या वेळाने फाटक वाजलं. मीनल आत आली. सायली बाहेरच, ऑटोशेजारी थांबली. जावेने पडल्या पडल्या पहिला फोन मीनलला केला होता, तुझी आई तोंडाने बोलवायची नाही, तुम्ही दोघी निघा म्हणून. दोघी मिळेल त्या गाडीने बडनेऱ्याला उतरून तशाच आल्या होत्या. हा योगायोग की आणखी काही, ते मला ठरवता येत नाही.

थोरली आधी आत घ्यायची, म्हणून मीनलने हातपाय धुऊन तिचाच मुखवटा उचलला. धाकटी पाटावरच राहिली. मी फाटकाकडे बघेना. हे माझ्या नवऱ्याने पाहिलं. ते सहसा देवाधर्मात बोलत नाहीत.

"मुहूर्त चालला," ते म्हणाले. "दुसरी दारात उभी हाय. तिले काहून थांबवून राहिली?"

त्यांनी स्वतः जाऊन सायलीला आत आणलं. तिने मुखवटा छातीशी धरला. उंबऱ्यावर मी मीनलचे पाय धुतले, रीतीप्रमाणे विचारलं, महालक्ष्मी कशाच्या पावलांनी आली? ती म्हणाली, सोन्याच्या पावलांनी. मग मी सायलीसमोर वाकले. पायांवर प्रवासाची धूळ होती, ती दूधपाण्याने धुतली. तिलाही तेच विचारलं. मीनलचं उत्तर तिने ऐकलं होतं, पण ते तिच्या तोंडून निघेना.

"भीत भीत आली, काकू," ती हळूच म्हणाली.

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. माझ्या दारात देवीने भीत भीत यावं, एवढी मी कोण लागून गेले होते? लाज वाटली, आणि खरं सांगते, छातीवरचं ओझंही उतरलं. कोणाला आत घ्यायचं हे ठरवण्याचं काम माझं नव्हतंच, ते मी उगाच अंगावर घेतलं होतं. मी तिचे पाय पदराने पुसले, त्यांवर कुंकू लावलं आणि डोकं टेकवलं.

"ये, माय," मी म्हटलं. "घर तुहंच हाय."